घड्याळजी उठतो

संपादकबाईंनी पुरवणीचं पान टेबलावर फिरवून निकालकाकांच्या पुढ्यात सरकवलं आणि लाल पेनाने गोल केलेल्या ओळींवर बोट ठेवलं.

"हे वाचा, सर. मोठ्यानं."

काकांनी चष्मा नाकावर चढवला. स्वतःचंच लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावणं म्हणजे या वयात बाकावर उभं करणंच. पण बाई लेकीच्या वयाच्या असल्या तरी खुर्ची त्यांची होती. काका वाचू लागले. "आणि शेवटी मुलगा दुकानाच्या काचेपाशी येऊन उभा राहतो. घड्याळजी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवतो, उठतो आणि दाराची कडी काढतो. बस्. मिठी नाही, रडारड नाही, मागे व्हायोलिनांचा पूर नाही. इतका नेमका शेवट तीस वर्षांत आमच्या वाट्याला आला नव्हता. निकाल : बघा."

"कुठं उठतो?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"घड्याळजी उठत नाही, सर. मान वरसुद्धा करत नाही. ‘दुकान बंद झालंय’ एवढंच म्हणतो आणि मुलगा चालता होतो. तुम्ही ‘बघा’ म्हणालात म्हणून लोकांनी टेलिफिल्म शोधून शोधून बघितली. एकतीस पत्रं आलीत. एकानं विचारलंय, तुमच्या समीक्षकांचा टीव्ही वेगळा आहे का?"

 पानाचा कोपरा दुमडला होता, तो काकांनी अंगठ्याने सरळ केला.

त्यांचं ‘आठवड्याचा निकाल’ हे सदर म्हणजे दैनिकाचं कुंकू, असं जुने संपादक म्हणायचे. टीव्हीवर जे जे लागेल ते काका बघत आणि शेवटी तीनपैकी एक निकाल देत : बघा, चालू राहू द्या, किंवा बंद करा. इस्पितळाच्या एका मालिकेबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "इथे रुग्ण तीन भागांत बरे होतात, संवाद मात्र वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. बंद करा." गुप्तहेराच्या मालिकेबद्दल, "खुनी कोण ते आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं, पोलिसांना अकरा भाग लागतात. चालू राहू द्या, इस्त्री करताना बरी पडते." गाण्याच्या स्पर्धेबद्दल तर एकच ओळ होती, "गाणाऱ्यांपेक्षा परीक्षकच जास्त रडले, तेव्हा बक्षीसही त्यांनाच द्यावं." लोक पुरवणी शेवटच्या पानापासून उघडत ती यासाठी. बसमध्ये, दवाखान्यात, केस कापायच्या दुकानात त्यांना माणसं ओळखत आणि विचारत, "काय काका, या आठवड्याचा निकाल?" त्यावरून निकालकाका हे नाव पडलं आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

या निकालकाकांनी गेल्या तीस वर्षांत एकाही कार्यक्रमाचा शेवट पाहिलेला नव्हता.

हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं : त्यांच्या बायकोला. सदर सुरू झालं तेव्हा काकू टेलिफोन खात्यात कामाला होत्या. त्यांची पाळी साडेसातला सुटे आणि बस आठला कोपऱ्यावरच्या थांब्यावर येई. थांब्यापासून घरापर्यंत लाकडाच्या वखारीची लांबच लांब भिंत, दिवा एकही नाही. म्हणून आठाला दहा कमी असताना, पडद्यावर खून उघडकीला येत असो की बोहल्यावरून कुणी पळत असो, काका पायात चपला सरकवून बाहेर पडत. शेवट त्यांची आई बघायची आणि परत आल्यावर सांगायची. आई गेल्यावर आणि काकू निवृत्त झाल्यावर ते काम काकूंकडे आलं. काका मात्र आठाला दहा कमी झाले की उठतच राहिले. थांब्यापर्यंत जायचं, एक बस येऊ द्यायची, जाऊ द्यायची, परत फिरायचं. पायांना वळण लागलं की मन त्याला कारण शोधतंच. काकांनीही शोधलं. शेवट म्हणजे प्रेक्षकाला दिलेली लाच, असं ते स्वतःला सांगत. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्याने अख्खा हंडा का उपसावा? कीर्तनाचा पूर्वरंग ऐकून उत्तररंगाला उठणारे आणि घरी जाऊन बुवांच्या चुका काढणारे असतात ना, त्यातलीच ही गत. पण ते सांगणार कोण? घरी परत आलं की काकू चहा ओतता ओतता शेवट सांगत आणि काका त्यावर दोन ओळी टाकत. कधी चूक झाली नव्हती.

"सर," बाईंनी आवाज उतरवला, "पत्रांचं मी बघितलं असतं. पण हे बघा. दिग्दर्शकाचं आहे."

पत्र छोटंच होतं. दिग्दर्शकाने लिहिलं होतं की समीक्षकांनी वर्णन केलेला शेवट मूळ संहितेत होता. चित्रीकरणाच्या दिवशी वाहिनीने तो बदलायला लावला. लेखिकेलाही ते आधी सांगितलेलं नव्हतं. जो शेवट कधी चित्रितच झाला नाही, तो तुमच्या समीक्षकांनी पाहिला कसा? लेखिकेने आमची संहिता बाहेर फिरवली असेल, तर आम्हाला तिच्याविरुद्ध पाऊल उचलावं लागेल. कृपया खुलासा करावा.

"उद्या सकाळी दहापर्यंत खुलासा द्या," बाई म्हणाल्या. "सोपा आहे. लिहा, लेखिकेनं संहिता वाचायला दिली होती, वाचलेलं आणि बघितलेलं डोक्यात एक झालं, वाचकांची माफी मागतो. चार ओळी. सदर वाचतं, तुम्ही वाचता."

"आणि लेखिका?"

"तिला ही वाहिनी पुन्हा काम देणार नाही. पण सर, ती आपली कोण?"

"नाव काय तिचं?"

बाईंनी पत्र उलटून नाव वाचलं. आडनाव नव्हतं, नुसतं नाव होतं. ते नाव काकांनी स्वतः ठेवलं होतं. घरात मात्र ते कुणी फारसं वापरलं नाही, कारण पोरगी जन्मापासून टीं टीं करून घर डोक्यावर घ्यायची, प्रश्न विचारून भंडावून सोडायची, म्हणून तिला सगळे टिटवीच म्हणायचे.

"ओळखता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. पान घडी करून त्यांनी खिशात ठेवलं.

घरी जाताना बसमध्ये एकाने विचारलं, "काय काका, या आठवड्याचा निकाल?" काकांनी खिडकीबाहेर बघितलं. डोक्यात हिशेब जुळत होता आणि जुळू नये असं वाटत होतं. घड्याळजी उठतो, हे त्यांना काकूंनी सांगितलं. चहाचा कप हातात देताना, डोळे खाली घालून. वाहिनीच्या बाहेर तो शेवट लिहिणाऱ्या बाईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणजे काकूंना तो टिटवीने सांगितला. जिने सात वर्षांपूर्वी या घराचा उंबरा ओलांडला आणि मागे वळून बघितलं नाही, जिचं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरलं होतं, तिच्याशी काकूंचं बोलणं होतं. आणि दोघींनी मिळून त्यांना भर बाजारात तोंडघशी पाडलं होतं. पोरीने जुनं उट्टं काढलं, आईने हात दिला. घरचा भेदी म्हणतात तो हाच. काका आपला स्टॉप सोडून दोन स्टॉप पुढे गेले आणि चालत परत आले.

काकू इस्त्री करत होत्या. काका काही न बोलता टेबलाशी बसले, कागद ओढला आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे चार ओळी उतरवल्या. लेखिकेचं नाव त्यांनी पूर्ण लिहिलं, आडनावासकट. मग कागद इस्त्रीच्या टेबलावर, त्यांच्याच अर्ध्या इस्त्री झालेल्या सदऱ्यावर ठेवला.

"वाच. तुझ्या लेकीचं नाव छापून येतंय."

काकूंनी इस्त्री उभी केली. कागद वाचला. चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त इस्त्रीचं बटण बंद करायला त्यांना दोनदा हात न्यावा लागला.

"घड्याळजी उठला म्हणून सांगितलंस," काका म्हणाले. "उठला नव्हता."

"माहीत आहे."

"माहीत आहे! कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. ती फोनवर रडत होती. तिनं लिहिलेला शेवट त्यांनी कापला होता, तिला न विचारता. तिच्याच टेलिफिल्मचं सबटायटलचं काम मुद्दाम दुसऱ्या कुणाला दिलं होतं त्यांनी. एरवी सगळं तिच्याकडेच येतं."

"सबटायटल?"

"चित्राखाली ओळी येतात ना, त्या. सात वर्षं तेच करते ती. दुसऱ्यांच्या मालिकांना ओळी लावते. स्वतःचं लिहायला कुणी देईना तिला. निकाल लागला होता ना तिचा."

काका खुर्चीवरून अर्धवट उठले आणि परत बसले.

"म्हणजे मला शेवट..."

"ती सांगायची. कार्यक्रम दोन दिवस आधी तिच्याकडे आलेले असतात. तुम्ही चपला घातल्या की मी टीव्ही बंद करायची आणि तिला फोन लावायची. तब्येत, जेवण, काम असं सगळं बोलून झालं की शेवटी विचारायची, आजचा शेवट काय गं? ती दोन वाक्यांत सांगायची. नंतर नंतर तिलाच आठवण असायची. म्हणायची, आई, आधी शेवट लिहून घे, नाहीतर बाबांचा निकाल बिघडेल."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. तीनदा घरघरली, चौथ्यांदा सुरू झाली.

"सात वर्षं," काका म्हणाले. "रोज. माझ्या पाठीमागे."

"पाठीमागे कसलं? तुम्ही थांब्यावर असायचात. पाठ तुम्हीच फिरवायचात."

"मी थांब्यावर कुणासाठी जायचो?"

"माझ्यासाठी. मी बसमधून उतरत होते तोवर." काकूंनी सदरा हँगरला लावला. "नऊ वर्षं झाली. मी कुठल्याच बसमधून उतरत नाही. तुम्ही कुणाला आणायला जाता ते देवाला ठाऊक. मी कधी विचारलं नाही, कारण तेवढीच दहा-वीस मिनिटं मला मिळायची."

काकांना बोलायचं बरंच होतं. विश्वासघात हा शब्द जिभेवर आला होता. त्यांनी तो शेकडो खलनायकांसाठी वापरला होता. आज तो आपल्याच स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून वापरायचा म्हणजे जड जात होतं. त्यांनी दुसरा शब्द शोधला.

"कट केलात तुम्ही दोघींनी. तिनं मला मुद्दाम खोटा शेवट सांगितला."

"खोटा कुठला? तिचा तोच होता. तिकडे टीव्हीवर तिची टेलिफिल्म चालू होती आणि ती माझ्याशी फोनवर बोलत होती. तिला बघायचा धीर होत नव्हता. मी विचारलं, शेवट काय? तर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, आई, घड्याळजी उठतो. दार उघडतो. एवढंच." काकू पहिल्यांदा काकांच्या डोळ्यांत बघत होत्या. "मी तुम्हाला ते तसंच सांगितलं. तुम्ही कप खाली ठेवलात. म्हणालात, वा! तीस वर्षांत तुमच्या तोंडून शेवटाला वा मी पहिल्यांदा ऐकलं."

"मग दुसऱ्या दिवशी कळल्यावर सांगायचं होतंस! लेख अजून छापायचा होता."

"हो. होता."

"का नाही सांगितलंस?"

 काकूंनी तो चार ओळींचा कागद उचलला, पुन्हा वाचायला नव्हे, नुसता हातात धरायला.

"सांगायचं तर कुठून कळलं तेही सांगावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि खरं विचाराल तर, तुम्ही तिच्याबद्दल बरं लिहिलं होतं. नकळत का होईना. सात वर्षांनी. ते माझ्या हातानं पुसवेना. मी तिला फोनवर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिनं. विचारलं, बाबांना ठाऊक आहे का माझं आहे ते? मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, मग खरंच आवडलं असेल."

काका खिडकीशी गेले. खिडकीतून बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची पाठ, पाण्याचे नळ. पण माणसाला पाठ करायला एक खिडकी लागते.

"तुम्हाला फसवलं मी," काकू मागून म्हणाल्या. "नाही म्हणत नाही. पण एक विचारू? ती शेवटची इथं आली होती तो दिवस आठवतो?"

काकांना आठवत होतं. टिटवीची पहिलीच मालिका होती, दोन बहिणींची. तिच्या मालिकेला सवलत दिली असं कुणी म्हणू नये म्हणून काकांनी पेन जरा जास्तच टोकदार केलं होतं. घरचं कुणी नाही, माझ्यासमोर फक्त पडदा, असं ते छातीला हात लावून म्हणाले होते. "बहिणी दोन, पण कथा अर्धीच. शेवटही नेहमीचाच. बंद करा." मालिकेचं दुसरं पर्व ठरलं होतं, ते महिन्याभरात बंद झालं. टिटवी पेपरची घडी हातात घेऊन याच खोलीत उभी होती. ती रडली नव्हती. तिने एवढंच विचारलं होतं, "बाबा, शेवटचा भाग पूर्ण बघितला होता?"

"काय म्हणाला होतात तुम्ही?"

काकांनी खिडकीचा गज धरला.

"‘बघितला. शेवटपर्यंत बघितला.’ मी तिथं, त्या दारात पाण्याचं भांडं घेऊन उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात. मला ठाऊक होतं ना तुम्ही थांब्यावर गेला होतात. शेवट तुम्हाला मी सांगितला होता. माझ्या पोरीनं लिहिलेला शेवट, रडत रडत सांगितला होता. धाकटी बहीण थोरलीच्या चपला उन्हातून उचलून सावलीत ठेवते, एवढाच होता. आणि तुम्ही लिहिलंत, नेहमीचाच."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुमची लाज राखली," काकू म्हणाल्या. "तुमची राहिली. तिची गेली. त्या दिवसापासून मला एकही शेवट बघवला नाही."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचाही नाही.

बऱ्याच वेळाने काकांनी हाक मारली, "अगं, तुझ्या फोनवर ती टेलिफिल्म दिसते का?"

काकूंनी फोन आणून दिला, हवं ते लावून दिलं आणि तिथे थांबल्या नाहीत. काकांनी चित्र पुढे सरकवत सरकवत शेवटच्या दहा मिनिटांशी आणलं. तळहाताएवढा पडदा. दुकानाच्या भिंतीवर पन्नास घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ निराळी. मुलगा काचेपाशी आला. त्याचा श्वास काचेवर उमटला. म्हातारा वाकून कसल्याशा चाकाशी झटत होता. त्याला मुलगा दिसला होता, हे दिग्दर्शकाने बरोबर दाखवलं होतं, चिमटा हातात थांबला होता. काकांच्या लक्षात आलं की आपण खुर्चीच्या कडेला आलो आहोत. ऊठ, असं त्यांच्या तोंडून निघालंही असेल. म्हातारा म्हणाला, "दुकान बंद झालंय." दार बंदच होतं, तरी म्हणाला. मुलगा गेला. काचेवरचा श्वास हळूहळू पुसला गेला. मग नावं वर सरकू लागली आणि त्यांत सहावं नाव तिचं होतं.

काकांनी मागे नेऊन पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्यांनी संपादकबाईंना कागद दिला आणि न बसता बाहेर पडले. ते जिन्याच्या वळणावर पोचतात तोच बाई मागून आल्या.

"सर, थांबा. हे काय लिहिलंय? ‘मी हा शेवट पाहिला नव्हता. संहिताही वाचली नव्हती. गेल्या तीस वर्षांत मी कोणत्याच कार्यक्रमाचा शेवट पाहिलेला नाही. घरच्यांनी सांगितलेल्यावर लिहीत आलो. लेखिकेचा यात काही दोष नाही.’ हे छापलं तर सदर बंद करावं लागेल मला."

"करा."

"बरं, ते एक वेळ समजू शकते. पण हा दुसरा परिच्छेद कशाला? सात वर्षांपूर्वीच्या कुठल्या मालिकेचं कोण विचारतंय? ‘दोन बहिणींच्या मालिकेचा शेवट मी पाहिला, असं मी लेखिकेला सांगितलं होतं. ते खोटं होतं.’ सर, त्या लेखिकेला तरी आठवत असेल का?"

"असेल," काका म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. हुशार बाई होत्या. काल ‘ओळखता का’ला मिळालेलं ‘नाही’ आणि आज कागदावरचं ‘मी लेखिकेला सांगितलं होतं’ यांच्यामध्ये कुठेतरी त्यांची नजर थांबली. "काढू का ठेवू?" त्यांनी एवढंच विचारलं.

"ठेवा."

बुधवारी ते छापून आलं. चौकटीत, शेवटच्या पानावर. सकाळपासून बिल्डिंगमध्ये कुणी काकांना निकाल विचारला नाही. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, जे रोज जिन्यात गाठून मालिकेवर चर्चा करायचे, ते "जरा घाईत आहे" म्हणून बाजूने गेले. काकूंनी पेपर वाचला, नीट घडी केला आणि नेहमीच्या रद्दीत न टाकता कपाटात ठेवला.  गेले दोन दिवस त्यांच्यात लागेल तेवढंच बोलणं होत होतं. चहा घेता का? घेतो. औषध घेतलंत? घेतलं. काकांना अजूनही मध्येच, दाढी करताना किंवा बूट पुसताना, सात वर्षं हा आकडा आठवे आणि हात थांबे. रोज संध्याकाळी आपण बाहेर पडलो की याच खोलीत आपल्याशिवाय एक घर चालू होतं, आणि त्या घरात आपल्या तब्येतीची चौकशी होत होती. यातलं जास्त काय बोचतं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी सात वाजता टीव्ही लागला. कोर्टाची कसलीशी मालिका होती. लिहायचं नव्हतं तरी काका बघत बसले. आठाला दहा कमी झाले. काका उठले नाहीत. काकू खुर्चीच्या हातावर बोटं आपटत राहिल्या. फोन लावायला त्यांना उठवेना.

तेवढ्यात फोनच वाजला. सात वर्षांत या वेळी तो तिकडून कधी आला नव्हता.

काकूंनी काकांकडे बघितलं आणि घेतला. "हं. हो... हो, आहेत. इथंच आहेत, गेले नाहीत आज." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. शेवटी त्यांनी फोन कानापासून जरा दूर केला. "विचारते आहे, ते तुम्ही लिहिलंत की मी लिहून दिलं?"

 निकाल लागल्यावर आरोपीला कसं वाटतं, हे काकांनी कधी लिहिलं नव्हतं.

"मी लिहिलं," ते म्हणाले.

"ते म्हणतात, त्यांनी." पुन्हा ऐकणं. "हो, त्यांनी बघितला नंतर. तीनदा बघितला." काकांना कल्पना नव्हती की काकूंना ते माहीत आहे. "थांब, विचारते. अहो, ती म्हणते, तुम्ही ऐकलेला शेवट आणि बघितलेला शेवट, दोन्हींतला कुठला बरोबर? खरं सांगायचं. घरचं म्हणून नाही."

काकांनी हात पुढे केला, फोनसाठी. काकूंनी मान हलवली. "मला सांगा. मी सांगते."

काकांनी हात मागे घेतला. मग त्यांनी विचार केला, तीस वर्षांत एखाद्या निकालाआधी केला नसेल इतका.

"तिनं लिहिला तो चांगला होता," ते म्हणाले. "दाखवला तो खरा होता. म्हातारा उठला नसता."

काकूंनी ते शब्द जसेच्या तसे तिकडे पोचवले, एकही इकडचा तिकडे न करता. मग "बरं" म्हणाल्या. मग आणखी एकदा "बरं" म्हणाल्या, आणि फोन मांडीवर ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, यापुढे ती कुणाला शेवट सांगणार नाही. ज्यानं त्यानं आपला आपण बघावा."

"आणि फोन?" काकांनी विचारलं. "फोन करणार आहे ना?"

काकू मांडीवरच्या फोनकडे बघत राहिल्या. त्याचा उजेड अजून विझला नव्हता.

"ते तिनं सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि मला विचारवलं नाही."